किराण्यापेक्षा व्याज जास्त झालंय, मग काटकसर कुठं करायची?

पत्र

मावशी, नमस्कार. आम्ही मूळचे केज तालुक्यातले. लग्नानंतर बजाजनगरला, वाळूजला आलो. हे कंपनीत कंत्राटी आहेत, हातात 24,000 येतात. मी पण तीन वर्षं पॅकिंगला होते. पगार 12,500, त्यातून पीएफ-ईएसआय कापायचे. आठव्या महिन्यात सुपरवायझर म्हणाले, आता जमणार नाही, राजीनामा लिहून द्या. मी दिला. आता मुलगी पाच महिन्यांची आहे. सिझर झालं, लेकरू चार दिवस पेटीत होतं. खासगी दवाखान्याचं बिल भरायला सासऱ्यांनी गावातून सावकाराचे 80,000 काढले, तीन टक्क्यांनी. कोऱ्या बाँडवर सही आणि दोन कोरे चेक दिलेत. सोयाबीन आलं की फेडू म्हणले होते, पण 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसात सगळं रान पाण्यात गेलं.

क्रेडिट कार्डाचं देणं 46,000 आहे, महिन्याला 2,300 मिनिमम भरतो. यांनी मला न सांगता ॲपवरून कर्ज घेतलं. वसुलीवाल्यानं माझ्या भावाला फोन केला तेव्हा मला कळलं. त्याचे 3,200 चे तीन हप्ते राहिलेत. गाडीचा हप्ता 2,900, अजून 14 महिने. भावाचे 20,000 हातउसने. खोलीभाडं 5,500, किराणा 4,000, लेकराची दूध पावडर 2,600, डायपर 1,300, लाईट-गॅस 1,200, पेट्रोल 1,500. दर महिन्याला कमी पडतात ते कार्डावर जातात. मी लेकराला अंगावरही पाजते, पण माझं प्यायचं दूध बंद केलं, भाजी एकदाच करते. माझ्या लग्नातल्या दोन तोळ्यांच्या पाटल्या आहेत, पण सासूबाई म्हणतात सोन्याला हात लावायचा नाही. आणि जावळ येरमाळ्याला येडेश्वरीपाशी करून गावजेवण घालायचं म्हणतात. हे दोन-दोन दिवस बोलत नाहीत. मला रात्री झोप लागत नाही, उगाच रडू येतं. अजून कुठं कमी करू ते सांगा.

— एका लेकराची माय, वाळूज

उत्तर

लेकी, आधी स्वतःचं प्यायचं दूध आणि दोन्ही वेळची भाजी परत सुरू कर. आजपासून. तू अंगावर पाजतेस, तुझं सिझर झालेलं आहे. तुझ्या ताटातून महिन्याला फार तर सात-आठशे वाचत असतील, आणि तेवढ्यानं तुमच्या कर्जाचा टवकाही उडत नाही. का, ते तुझ्याच आकड्यांतून सांगते.

सावकाराचं तीन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा तीन. 80,000 वर दर महिन्याला 2,400. वर्षाचा दर झाला 36 टक्के. गावात "तीन टक्के" म्हणतात आणि बँकेत "दहा टक्के" म्हणतात, म्हणून ऐकायला बँक महाग वाटते. पण बँकेचे दहा वर्षाचे असतात, सावकाराचे तीन महिन्याचे. सासऱ्यांना हे नीट बसून सांगायला पाहिजे. त्यांनी नातीसाठी धावपळ करून पैसे उभे केले, त्यात त्यांचा दोष काढू नका, पण आकडा त्यांच्यासमोर मांडा.

कार्डाचं तर त्याहून वाईट. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. 46,000 वर 1,610 व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 290. झाले 1,900. तुम्ही भरता 2,300. मुद्दलातून सुटले फक्त 400, आणि त्याच महिन्यात घरखर्चाला कमी पडलेले तीनेक हजार तुम्ही परत त्याच कार्डावर टाकता. बाकी थकलेली असली की कार्डाची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. नवीन खरेदीवर त्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे कार्डावर घेतलेली पावडर, कार्डावर भरलेलं पेट्रोल, सगळं व्याजाचं.

दोन्ही मिळून व्याज झालं 4,300. तुमचा किराणा 4,000 चा. तीन माणसांच्या घरात सगळ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त पैसा नुसत्या व्याजात जातोय, आणि तू मात्र भाजी कमी करत बसलीस. तुझी काटकसर चुकीच्या जागी चाललीय एवढंच मला म्हणायचंय. ती कमी पडतेय असं अजिबात नाही.

आता पाटल्यांकडे येते. सासूबाईंचा विरोध मला कळतो. आपल्याकडं सोनं गहाण पडलं म्हणजे घराचं वाईट चाललंय, अशी बोलवा होते, आणि त्यांच्या पिढीनं सोनं गेलेलं परत आलेलं फारसं पाहिलेलं नाही, कारण त्या वेळी ते सावकाराकडंच जायचं. बँकेतलं सोनेतारण वेगळं असतं. सरकारी बँकांत त्याचा दर साधारण वर्षाला 9 ते 10 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि सोन्याच्या किमतीच्या सुमारे तीन चतुर्थांश रक्कम मिळते. आजच्या भावात दोन तोळ्यांवर सावकार आणि कार्ड दोन्ही मिटतील एवढे, म्हणजे 1,26,000, मिळायला हरकत नाही. त्यावर दहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं 1,050. आज 4,300 जातात, तिथं 1,050. दर महिन्याला 3,250 वाचले, घरातला एक घास कमी न करता.

तू म्हणशील, कर्ज फेडायला परत कर्जच? जावईबापूंनी ॲपवरून घेतलं तेही कर्ज फेडायलाच घेतलं असेल. फरक दराचा आहे. त्यांनी महाग कर्ज त्याहून महाग कर्जानं झाकलं. इथं 36 आणि 42 टक्क्यांचं कर्ज दहा टक्क्यांवर येतंय, आणि दोन ठिकाणची देणी एका ठिकाणी येतायत. मात्र कार्ड परत वापरलं तर हे सगळं वाया. म्हणून कार्डाची पूर्ण रक्कम भरायच्या दिवशी बँकेकडून आजपर्यंतच्या व्याजासकट नेमका आकडा विचारून घ्या. नाहीतर पुढच्या महिन्यात चार-पाचशेचं शिल्लक व्याज येतं, ते राहून जातं आणि परत वाढत बसतं. रक्कम शून्य झाल्याचं लेखी आलं की कार्ड बंद करायचा अर्ज द्या.

सोनेतारण घेताना तू स्वतः जा, पाटल्या तुझ्या आहेत, कर्ज तुझ्या नावावर घे. शाखेत बँकेचा सराफ तुझ्यासमोर दागिने तपासतो आणि वजन करतो. पावतीवर वजन, नगांची संख्या नीट लिहिलीय का ते पाहूनच सही कर. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या शेवटी सगळं एकदम भरायचं असं कर्ज देतात. ते तुमच्यासारख्या पगारदार घराला सोयीचं नाही, वर्षभरात पैसा साठत नसतो. महिन्याच्या हप्त्याचं आहे का ते विचार. नसेल तर मधेमधे मुद्दल भरता येतं का, त्याला दंड आहे का, हे विचार. तपासणीचं आणि प्रक्रियेचं शुल्क किती तेही. कोपऱ्यावरच्या दुकानात महिन्याला दोन टक्क्यांनी सोनं ठेवून घेतात, तिथं पाऊल टाकू नकोस. तो दर वर्षाला 24 झाला.

पुढचं गणित मी मांडून पाहिलं. पहिले तीन महिने ॲपचे हप्ते चालू आहेत, तोवर सोन्याच्या कर्जात महिन्याला 2,000 भरा. 2,000, ॲपचे 3,200, गाडीचे 2,900 आणि भाडं 5,500 गेल्यावर 10,400 उरतात. तुमचा घरखर्च, तू लिहिलाय तसाच, 10,600 चा. म्हणजे महिना जवळजवळ बसला, कार्डाची गरज नाही. ॲप संपलं की सोन्यात 4,700 भरा, आज सावकार आणि कार्डाला मिळून तुम्ही एवढेच भरताय. तेव्हा उरतात 10,900. गाडी संपली की तिचे 2,900 पण त्यातच टाका. दहा टक्के धरून सव्वादोन वर्षांच्या आत पाटल्या घरी येतात. आणि आज चाललंय तसंच चालू ठेवलं, तर दोन वर्षांत एकट्या सावकाराला 57,600 व्याज जाईल आणि 80,000 तसेच उभे राहतील. हे दोन आकडे एका कागदावर लिहून सासूबाईंना दाखवा. भावाचे 20,000 मात्र शेवटी. त्याला फोन करून तसं स्पष्ट सांग, गप्प बसू नकोस. माहेरचं माणूस उशिरानं नाराज होत नाही तेवढं न सांगण्यानं होतं.

सावकाराचे पैसे परत करायलाही रीत आहे. सासऱ्यांनी एकट्यानं जाऊ नये, गावातलं एखादं वजनदार माणूस सोबत न्यावं. शक्यतो पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. ज्या क्षणी पैसे दिले त्याच क्षणी कोरा बाँड आणि दोन्ही चेक हातात घ्यायचे, आणि सगळी रक्कम मिळाली असं सहीनिशी लिहून घ्यायचं. "चेक घरी राहिलेत, उद्या देतो" असं म्हणाला तर पैसे पण उद्याच. 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवाना असल्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवाना असला तरी सरकारनं दर बांधून दिलेत: शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला 9 टक्के, बिनतारण 12, इतरांना 15 आणि 18. शेकडा तीन कुठल्याच हिशेबात बसत नाही. याचा अर्थ उद्याच तक्रार करा असं मी म्हणत नाही, गावात राहायचं असतं. पण सासऱ्यांना हे माहीत असलं की ते घाबरून बोलणार नाहीत. जास्तीचं मागायला लागला किंवा कागद द्यायला नाही म्हणाला, तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, तक्रार तिथं होते.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. तू ती सहज लिहून पुढं गेलीस, पण माझं लक्ष तिथंच अडकलं: "त्यातून पीएफ-ईएसआय कापायचे." लेकी, तुझी वर्गणी तीन वर्षं गेली असेल तर प्रसूतीचा लाभ हा तुझा हक्क आहे. ईएसआय म्हणजे कामगारांचा राज्य विमा, त्यात बाळंतपणासाठी 26 आठवडे पगाराएवढी रक्कम मिळते. अट अशी की बाळंतपणाआधीच्या ज्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-काळांचे दिवस मोजतात, त्यांत मिळून निदान 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तू आठव्या महिन्यापर्यंत काम केलंस, त्यामुळं ते दिवस भरलेले असायला पाहिजेत. राजीनामा दिला म्हणून आधी भरलेली वर्गणी पुसली जात नाही. 12,500 पगारावर ही रक्कम सत्तर-पंच्याहत्तर हजारांच्या घरात जाते. सावकाराचं मुद्दल जवळजवळ तेवढंच आहे, बघ.

कंत्राटदारानं वर्गणी कापली पण भरलीच नाही, असंही होतं. म्हणून आधी ते तपास. तुझा ईएसआय नंबर जुन्या पगाराच्या पावतीवर असेल. ईएसआयच्या पोर्टलवर किंवा शाखा कार्यालयात कोणत्या महिन्यांची वर्गणी जमा आहे ते कळतं. पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दिसतं, त्यावरूनही अंदाज येतो. पैसे कापून भरले नसतील तर तो मालकाचा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार त्याच कार्यालयात करायची. गरोदर आहे म्हणून कामावरून कमी करणं कायद्याला मान्य नाही, राजीनामा लिहून घेतला तरी. ते भांडण लढायचं का, हे तू नंतर ठरव. लाभाचा अर्ज मात्र आता कर, उशिरा केलेल्या अर्जाला अडचणी येतात.

हे पैसे मिळाले तर सगळेच्या सगळे सोन्याच्या कर्जात. मिळेपर्यंत मात्र ते नाहीतच असं धरून चाल. त्यांची वाट बघत सावकाराचं व्याज चालू ठेवू नका.

सरकारी योजनांबद्दल दोन शब्द, कारण तुला कुणी ना कुणी सांगतच असेल. पहिल्या लेकरासाठी मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत 5,000 मिळतात, अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरून देतात. त्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख आहे, तुम्ही बसता. पण नोकरीच्या कायद्यानं असाच प्रसूतिलाभ मिळाला असेल तर ही योजना लागू होत नाही. म्हणून आधी ईएसआयचं काय होतं ते बघ आणि सेविकेला खरं ते सांग. लेक लाडकी योजनेत जन्माला 5,000 पासून अठराव्या वर्षी 75,000 पर्यंत मिळून 1,01,000 मिळतात, पण त्याला वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. लाडकी बहीणला अडीच लाखांच्या आत. तुमचं 2,88,000 आहे. "दाखला काढून देतो, हजार-दोन हजार द्या" म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेला पैसा परत करायची वेळ येते, आणि तुमच्या डोक्याला अजून एक देणं नको.

आता लेकराचा खर्च. पावडरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथं चूक झाली तर ती पैशाची राहत नाही. पहिले सहा महिने लेकराला नुसतं आईचं दूध पुरतं. पाणी नको, घुटी नको, ग्राइपवॉटर नको. दूध पुरत नाही असं शेजारीपाजारी सांगतात, लेकरू रडलं की सांगतात. पण ते ओळखायची खूण वेगळी आहे. दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा लघवी होते का आणि वजन दर महिन्याला वाढतंय का, एवढं बघ. वजन अंगणवाडीत फुकट करून मिळतं. दूध पाजल्यानं वाढतं, आणि पावडरीची एक बाटली दिली की तेवढं पाजणं कमी होतं, मग दूधही कमी होतं. रात्रीचं पाजणं सोडू नकोस. आधी अंगावर पाज आणि मगच गरज असेल तर पावडर दे, आणि हळूहळू एकेक बाटली कमी करता येते का ते डॉक्टरांना विचारून कर. झटकन बंद करायची नाही. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ करायची नाही. पाणी जास्त घातलेलं दूध लेकराला उपाशी ठेवतं आणि आजारी पाडतं. तसंच वर्षाच्या आत गाईचं, म्हशीचं दूध बाटलीनं चालू करायचं नाही, ते स्वस्त पडलं तरी. वजन वाढत नसेल तर पावडर लागतेच, ती घ्यायची, वरच्या हिशेबात मी तिचे 2,600 धरलेलेच आहेत.

पुढच्या महिन्यात वरचं खाणं सुरू होईल. त्याचेही रंगीत डबे मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मूग डाळ आणि तांदूळ धुऊन, वाळवून, मंद भाजून जाडसर भरडून ठेव. रोज थोडं शिजवून वर चमचाभर तूप. ज्वारीची मऊ पेज, कुस्करलेली केळी, उकडलेलं गाजर. मीठ-साखर वर्षभर नको, मध तर अजिबात नको. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळतो, नाव घालून ये. ज्वारी, तूर, जे काही गावाकडं घरचं आहे ते पोत्यानं मागवून घे. एसटीनं येता-जाता कुणीतरी आणतंच.

डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना. दिवसा सुती लंगोट, सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याचे. तेवढ्यानं निम्म्याहून जास्त वाचतात. लसी सरकारी केंद्रात घे. क्षयाची, पोलिओची, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला, या सगळ्या तिथं मोफत आहेत आणि चांगल्या आहेत. नवव्या महिन्याची चुकवू नकोस. लेकरू वर्षाच्या आत आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात तपासणी-औषधं मोफत मिळायची तरतूद आहे, आणायला-न्यायला 102 ची गाडी मिळते. वॉकर घेऊ नको, त्यातून लेकरं पडतात. कपडे बहिणी-जावांकडून जुनेच घे.

विमा एवढाच ठेवा: जावईबापूंच्या बँक खात्याला पंतप्रधान जीवन ज्योती, वर्षाला 436, आणि अपघाताचा सुरक्षा विमा, वर्षाला 20. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. घरात कमावणारं माणूस एकच आहे, म्हणून हे टाळू नका. लेकरासाठी महिन्याला हजार-दोन हजारांची पॉलिसी घ्या म्हणून नात्यातलं कुणी मागं लागेल, त्याला कर्ज फिटेपर्यंत नाही म्हणायचं. सुकन्या खातं 250 मध्ये उघडतं, तेही नंतर चालेल.

जावळाचं बोलू. हे मला सगळ्यात नाजूक वाटतं. सासूबाई हट्टी आहेत असं समजू नकोस. त्यांनी आयुष्यभर गावातल्या प्रत्येक बारशाला, जावळाला आहेर नेलाय, पंगतीला बसल्यात. आता नातीच्या वेळी आपल्या दारात पंगत बसावी असं त्यांना वाटणारच. पण येडेश्वरीच्या पायाशी जावळ काढायला न्हावी, मामाची मांडी, नारळ, ओटी आणि घरची पाच-सात माणसं पुरतात. नैवेद्य पुरणाचा घरूनच न्यायचा. वर्षाच्या आत नाही जमलं तर तिसऱ्या वर्षीही जावळ करतात आपल्याकडं. त्यांना असं सांगा: जावळ आत्ता देवीपाशी, गावजेवण पाटल्या घरी आल्यावर. आणि हे तू बोलू नकोस. लेकानं बोलावं, गावी जाऊन, त्यांच्याजवळ बसून, फोनवर नाही. आकड्यांचा कागद सोबत न्यावा. सावकाराला महिन्याला 2,400 जातात हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसेल. घरातल्या बायांपासून देणी लपवायची सवय आपल्याकडं फार आहे, आणि मग त्यांनी खर्चाचा आग्रह धरला की त्यांनाच नावं ठेवतात.

लपवण्यावरूनच, जावईबापूंचं ॲप. तुला भावाच्या फोनवरून कळलं, तो अपमान मोठा आहे, मी तो छोटा करत नाही. पण एकदा मनातलं बोलून झालं की दोघं मिळून वहीच्या मागच्या पानावर सगळी देणी लिहा: कुणाचे, किती, महिन्याचा दर किती, कधी संपतंय. अजून एखादं ॲप असेल तर ते याच वेळी बाहेर येऊ दे. "अजून काय आहे ते सांगा, मी ओरडणार नाही" असं म्हण आणि खरंच ओरडू नको. ॲपचे तीन हप्ते वेळेवर भरून टाका, पण दुसरं ॲप उतरवून नाही. कर्जदाराच्या फोनमधली यादी काढून नातेवाइकांना फोन करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी अजिबात नाही. परत तसं झालं तर फोन रेकॉर्ड करा, कंपनीला लेखी कळवा, आणि त्यांनी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, चौकशीचा नंबर 14448. फोटो बिघडवून पाठवायची धमकी आली तर थेट 1930, सायबर पोलिसांचा.

तुझी झोप आणि रडू. बाळंतपणानंतर काही बायांचं मन खूप दिवस खचलेलंच राहतं, त्याला उपचार आहेत, आणि पैशाची काळजी असली की ते जास्तच होतं. पाच महिने झाले तरी हे चालू आहे, म्हणून लसीला जाशील तेव्हा डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांग. जावईबापू दोन-दोन दिवस बोलत नाहीत हेही मी सोडून देणार नाही. आपल्या मराठवाड्यात कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाचं गप्प होणं कुणी हलक्यात घेऊ नये. त्यांना सरळ विचार, मनात काय चाललंय, जिवाचं काही वाईट येतंय का. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट माणूस मोकळं होतं. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्री-अपरात्रीसुद्धा. दोघांपैकी कुणीही लावा. तसं काही मनात आहे असं ते म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.

कामावर परत जायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. निदान सहा महिने पूर्ण होऊन वरचं खाणं रुळेपर्यंत थांब असं मी म्हणेन. त्या घाईनं दूध तुटलं तर पावडरीचा खर्च वाढतो, आणि वरच्या हिशेबात तुझा पगार धरलेलाच नाही, त्यावाचून महिना बसतोय.

सोमवारी सकाळी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. सोबत आधार, बँक पासबुक, पगाराच्या जुन्या पावत्या, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि लेकीचा जन्मदाखला ने, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून. लेकरू सोबत असेल तर दहाच्या आधीच पोच. अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस, आणि नाही म्हणाले तर कारण लेखी मागून घे. तो कागद मला पाठव, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.

— मावशी